बत्तीसचा दगड

नांदेडात लातूर फाट्याजवळ रामलिंगचं मीटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, पत्र्याची टपरी. पण माणसाची ऐट विचारू नका. जीपचे टायर बदलले, इंजिन बदललं की स्पीडचा काटा खोटं बोलायला लागतो. टायर मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, पण काट्याला त्याचा पत्ताच नसतो. तो आपला जुनाच हिशेब सांगत बसतो. मग गिअरबॉक्सातली मीटरची गरारी काढायची आणि कमी-जास्त दातांची दुसरी बसवायची. हे काम रामलिंगनं तीस वर्षं केलं आणि तीस वर्षं मिरवलं.

गरारी बसवली की तो गाडी घेऊन थेट सोनखेडच्या पुढं जायचा. तिथं रस्ता सरळ, सपाट. रस्त्याकडेच्या एकतीस किलोमीटरच्या दगडापासून बत्तीसच्या दगडापर्यंत काटा साठावर धरायचा आणि मनगटावरचं घड्याळ बघायचं. बरोबर साठ सेकंद लागले तर काटा खरा. एक सेकंद इकडं-तिकडं झाला तर गरारी पुन्हा बाहेर. ड्रायव्हर लोक म्हणायचे, एक वेळ बायको खोटं बोलंल, रामलिंगचा काटा न्हाई. हे ऐकलं की त्या दिवशी रामलिंगला दोन भाकरी जास्त जायच्या.

त्याची धाकटी बहीण गुणाबाई कंधारला राहते. नवरा वारल्यावर तिनं एकुलत्या हरिओमला वाढवलं, आणि हरिओम व्यंकटरावांच्या जीपवर ड्रायव्हर झाला, कंधार ते नांदेड. पोरगं गरीब गाय. सीटावर एक जण जास्त बसला तरी घाम फुटायचा त्याला. मागच्या वर्षी व्यंकटरावांनी त्या जीपला दुसरं इंजिन टाकलं आणि रुबाब दिसावा म्हणून चांगले रुंद, उंच टायर चढवले. काटा लावून घ्यायला हरिओम मामाकडंच आला, दुसरीकडं कुठं जाणार?

"मामा, मोबाईलवर बी स्पीड दिसतंय की. लावून बघू का एकडाव?" दगडांकडं निघताना त्यानं विचारलं.

"मोबाईलला चाक हाय का रे?" रामलिंग म्हणाला. "खिशात ठीव ते खेळणं."

हरिओमनं मुकाट्यानं फोन खिशात टाकला. एकतीस ते बत्तीस, साठ सेकंद. रामलिंगनं मीटरच्या काचेवर टिचकी मारली आणि म्हणाला, "आता डोळे झाकून भरवसा ठीव."

पोरानं भरवसा ठेवला हो. दिवाळीनंतर एका सकाळी पन्नासची पाटी लावलेल्या फाट्यावर एक दूधवाला मोटरसायकल घेऊन आडवा आला. हरिओमनं ब्रेक दाबला, पण जीप थांबता थांबता त्याच्यावर गेली. माणूस वाचला; उजवा पाय गुडघ्यापासून गेला. दोन बारक्या लेकरांचा बाप.

"मी पन्नासच्या आत व्हतो, काटा बघूनच चालवून राहिलो व्हतो," हरिओम सांगत राहिला. पण फाट्याच्या अलीकडंच रस्त्यावर कॅमेरा होता. त्यानं साठ टिपले होते. साठ म्हणजे साठ. कॅमेऱ्याला कुणाचा भाचा वगैरे नसतो.

तपासाला फौजदार रामलिंगच्या टपरीवर आला. काटा तूच लावला का, बरोबर होता का, एवढंच त्यानं विचारलं. आणि नेमके त्या वेळी टपरीसमोर सात-आठ ड्रायव्हर चहा पीत उभे होते. तीस वर्षांची ती ऐट! रामलिंग म्हणाला, "साहेब, दगडाला दगड लावून तपासलेला काटा हाय माझा. खोटा असंल तर पोरगा असंल, काटा न्हाई." फौजदारानं ते लिहून घेतलं, रामलिंगनं खाली सही ठोकली. सख्ख्या भाच्याच्या गळ्यात धोंडा बांधला आणि वर चहा पाजला सगळ्यांना.

गुणाबाई दुसऱ्या दिवशी एसटीनं आली. टपरीच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "अण्णा, माझं लेकरू खोटं बोलत न्हाई. तू एकडाव बघ तरी परत."

"बघायचं काय त्यात? तीस वर्षं झाली. त्याला म्हणावं, कबूल कर, सुटशील लौकर."

गुणाबाईनं पाणीसुद्धा घेतलं नाही.

हे झालं आणि दोन महिने गेले. कोर्टाची तारीख मंगळवारची लागली. त्याच्या आधीच्या रविवारी रामलिंगचा जावई रेवणसिद्ध त्याला आपल्या नव्या गाडीतून लातूरला घेऊन निघाला, कुणाच्या तरी साखरपुड्याला. सोनखेड गेलं. रामलिंगची सवय जाते का? एकतीसचा दगड येताच त्यानं मनगट वर केलं आणि काट्याकडं पाहिलं. जावयाची गाडी साठावर चालली होती. बत्तीसचा दगड आला तेव्हा बहात्तर सेकंद झाले होते.

"तुमचा काटा लई पुढं पळतो, जावईबापू. कंपनीवाले मुद्दाम असं करतात," रामलिंग म्हणाला. "दोन-तीन वर्षं झाली, सगळ्याच नव्या गाड्यांचं असं हाय."

रेवणसिद्धनं समोरच्या पडद्यावर बोट ठेवलं. "मामा, हे बघा. मघाच्या दगडापाशी तुम्ही मनगट वर केलं, तवाच मी अंतराचा आकडा शून्यावर आणला व्हता. एक पूर्णांक दोन किलोमीटर झाले. वरून मोबाईल बी तेच सांगून राहिला. दगडच लांब हाय."

रामलिंगनं पडद्यावरचा आकडा वाचला, मग पुन्हा वाचला. "गाडी थांबवा," म्हणाला.

बत्तीसच्या दगडापासून थोडं मागं एक ढाबा होता. रस्ता चौपदरी झाला तेव्हा तो उघडला होता. रामलिंग चालत तिथं गेला, दगडाचं विचारलं, आणि ढाबेवाल्यानं खाटेवर बसल्या बसल्या सगळं हसत सांगितलं. रस्ता मोठा करताना मजुरांनी जुने दगड उपटून परत रोवले. बत्तीसचा नेमका त्याच्या दारात येत होता, ट्रक आत वळेनात. "दोन किलो जिलबी दिली पोरांना, अन् म्हणलं, सरकवा थोडा पुढं. दगडाला काय, हितं असला काय अन् तिथं असला काय!"

तीन वर्षं झाली होती त्याला. तीन वर्षं रामलिंग बाराशे मीटरला हजार धरून काटे लावत होता आणि खऱ्या काट्यांना चोर म्हणत होता. त्यानं लावलेला काटा पन्नास दाखवायचा तेव्हा गाडी साठावर असायची. पोरगं अक्षरन् अक्षर खरं बोललं होतं.

आता कुणीही म्हणेल, माणूस तसाच उठून कंधारला पळाला असेल. कसला पळतोय! साखरपुड्यात जेवला, घास उतरत नव्हता, पण जेवला. सोमवारी टपरी उघडून बसला. व्यंकटराव आपल्या कामानं आले, तेव्हा न राहवून त्यानं त्यांना सांगितलं. जीप त्यांची, त्यांना तरी काही वाटेल म्हणून.

व्यंकटराव खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, "वेडा का काय तू? तीन वर्षांत किती गाड्या गेल्या ह्या टपरीवरून? शंभर? दोनशे? उद्या ज्याला ज्याला ठोकर झाली तो तुझ्या दारात येईल. अन् पोराला काय, दोन-तीन महिन्यांची गोष्ट हाय. जवान हाय, काढील."

रामलिंग दिवसभर गरारीचे डबे पुसत बसला. एकदा उठून फाट्यापर्यंत गेला. कंधारची गाडी उभी होती, कंडक्टर ओरडत होता. तो परत आला. आपली मान वाचवायची होती त्याला, दुसरं काही नाही. संध्याकाळी बायकोनं विचारलं तर डोकं दुखतं म्हणाला.

मंगळवारी मात्र त्याला सकाळपासून बसवेना. दोनशे आले तर येऊ देत, असं म्हणत त्यानं टपरीला कुलूप घातलं आणि दहाची गाडी धरली. कंधारच्या कोर्टात पोचला तेव्हा एक वाजून गेला होता.

व्हरांड्यात बाकावर हरिओम बसला होता, शेजारी पोलीस. गुणाबाई खाली फरशीवर, मांडीवर डब्याची पिशवी. रामलिंगला धाप लागली होती. "हरी, मी सांगायला आलो. जज साहेबाला सांगतो. दगड सरकवला व्हता रे. काटा माझा खोटा व्हता."

हरिओम म्हणाला, "झालं मामा. सकाळीच झालं. गुन्हा कबूल का म्हणून विचारलं, मी हाव म्हणलो. तीन महिने दिले, लायसन बी गेलं."

"कबूल? वकिलानं सांगितलं काय तसं?"

"वकील तर न्हाई म्हण, म्हणत व्हते. म्हणले, केस लढू." हरिओमनं खाली बघत अंगठ्यानं फरशी घासली. "पण तुम्ही जबाब दिला, काटा खरा हाय म्हणून. मी लई विचार केला. रातच्याला डोळे मिटले की मला तर पन्नासच दिसायचे. मग म्हणलं, मामाचा काटा तर खोटा असायचा न्हाई. माझेच डोळे चुकले असतील. त्या माणसाचा पाय गेला, अन् आपण उगा कशाला न्हाई म्हणायचं?"

पोलिसानं घड्याळ पाहिलं आणि चला म्हणाला. हरिओम उठला. जाता जाता थांबला.

"म्हणजे पन्नासच व्हते ना, मामा? मी बरोबर बघितलं व्हतं ना?"

"हाव," रामलिंग म्हणाला. "बरोबर बघितलं व्हतं तू."

हरिओमचा चेहरा एकदम उजळला. हातातल्या बेडीसकट आईकडं वळून म्हणाला, "आई, ऐकलं का? मी खोटं न्हवतो बोललो."

"मला कवाचं ठाऊक हाय, बाबा," गुणाबाई म्हणाली. तिनं डबा पोलिसाच्या हातात दिला, पदरानं पोराचं तोंड पुसलं, आणि भावाकडं न बघता गेटाकडं चालू लागली.