पुसायची राहिलेली सवय

मित्रांनो, असं वाकून वाकून काय बघताय? मी एक जुनी पिकअप गाडी आहे, हे दरवाजावरच्या गंजावरून कळलंच असेल तुम्हाला. पण माझं वय विचारलंत तर माझी पंचाईत होते. माझा सांगाडा अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि पोटातलं इंजिन सात वर्षांचं. ते इंजिन माझं नाही. ज्या गाडीचं होतं ती गाडी आता नाही, आणि ती चालवणाराही नाही. कसं झालं ते सांगते. मधेच घाबरून उठू नका म्हणजे झालं.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी गडद हिरवी होते. पेट्रोलवर चालायचे, गिअर हातानं टाकावे लागायचे, आणि पाठीमागे माल ठेवायला लांबरुंद हौदा होता. मला एका सुतारानं घेतलं. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. तो कपाटं करायचा आणि स्वतःच गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन उतरवायचा. दुसऱ्याच्या भरवशावर माल सोडणं त्याला जमायचंच नाही. हात मोठा हलका, पण पाय असा जड, की मला पळवायचं म्हणजे खिळा ठोकल्यासारखा दाबायचा! मी कुरकुरायचे, पण मला ते आवडायचं.

पुढच्या सीटवर त्याची बायको बसायची आणि मधे दोन पोरं. थोरलीला घरात ताई म्हणत. तिचं सगळं लक्ष माझ्या बॉनेटखाली. मोठी होऊन ती मेकॅनिक झाली आणि आमच्याच गल्लीच्या टोकाला तिनं गॅरेज टाकलं. धाकटा मात्र सीटवर बसला की पाच मिनिटांत झोपायचा. रस्त्यात लोक मला बघून म्हणायचे, "मिस्त्रीची गाडी आली, आता कपाट आलंच." इतकं माझं नाव होतं.

मग एका सकाळी रंधा मारताना मिस्त्रीच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू लुळी पडली. हात सुधारला, पाय काही सुधारला नाही. आणि माझा क्लच दाबायला डावाच पाय लागतो! मी तीन वर्षं मिस्त्रीच्या सुतारकामाच्या कारखान्यामागे उभी राहिले. हौद्यात भुशाची पोती आली, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला. धाकट्यानं डिझेलची बंद व्हॅन घेतली, ऑटोमॅटिक गिअरची, आणि बापाची कपाटं तो पोचवू लागला. त्याचा पाय लोण्यासारखा मऊ. आरशाचं कपाट असलं तरी त्याला दोरी बांधावी लागायची नाही. मला त्याचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

एके दिवशी रस्त्याच्या कडेला एका म्हाताऱ्या जोडप्याची स्कूटर पंक्चर झालेली त्याला दिसली. मदत करायला म्हणून तो थांबला. इंजिन चालूच ठेवून उतरला. मागून एक ट्रक भरधाव आला आणि व्हॅनवर आदळला. धाकटा व्हॅनच्या मागेच उभा होता. तो परत आला नाही, मित्रांनो. व्हॅनचा मागचा भाग कागदासारखा चुरगळला होता, पुढे साधा ओरखडाही नव्हता. कुणीतरी येऊन चावी फिरवेपर्यंत इंजिन चालूच होतं म्हणे.

मिस्त्रीनं हायच खाल्ली. हत्यारं भिंतीला टांगली ती टांगलीच. खुर्चीत बसून राहायचा. ताईची आई त्याच्यापुढे ताट ठेवायची आणि उचलायची, दोघांत शब्द नाही. शेवटी ताईच्या डोक्यात आलं, की व्हॅनचं इंजिन आणि गिअरबॉक्स मला बसवायचा. मग क्लचचा प्रश्नच मिटला. बाबा एका पायानं गाडी चालवतील, आणि गाडी चालवायला लागले की कपाटंही करतील.

"त्या गाडीचा खिळासुद्धा माझ्या दारात नको," आई म्हणाली.

"आई, बाबा त्या खुर्चीतच संपतील गं."

आई गप्प बसली. त्यालाच होकार समजून ताई कामाला लागली.

बाप रे, काय ते दिवस! माझं जुनं इंजिन साखळीनं वर उचललं, तेव्हा माझं नाकच आभाळाकडे गेलं. डिझेलचं इंजिन कितीतरी जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगा बदलल्या. ते बसेना म्हणून नवे आधार जोडले, पायाखालचा पत्रा कापला, टाकी धुतली, क्लचचा पेडल उपटून टाकला. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा ताईनं तीनदा मापला आणि मग कापला.

आता नीट ऐका. अशा गिअरबॉक्सची एक छोटी पेटी असते, कंपासपेटीएवढी. चालवणाऱ्याचा पाय कसा आहे हे ती हळूहळू शिकते आणि त्याप्रमाणे गिअर बदलते. गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीत गेला, की ही सवय पुसायची असते. ताई आपल्या कारागिरांना हे बोट उगारून सांगायची. माझ्या वेळी तिनं तपासणीचं यंत्र त्या पेटीला जोडलं. पडद्यावर प्रश्न आला, जुनी सवय पुसायची का? ताई ते यंत्र मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. मग तिनं वायर काढून ठेवली आणि कुणाला काही सांगितलं नाही.

पहिल्यांदा चावी फिरली, तेव्हा मी शहारले. माझ्या पोटात कुणीतरी परकं जागं झालं होतं. उभ्या उभ्या ते इंजिन नुसतं घुरघुरत राहायचं, आणि मला कळायचं, ते वाट बघतंय. उतरलेला माणूस परत चढेल म्हणून. मिस्त्री आपला जड पाय दाबायचा, पण गिअर पडायचे ते मऊ, सावकाश, धाकट्याच्या पद्धतीनं. मला माझ्याच अंगाची भीती वाटायला लागली. पण मिस्त्री पुन्हा रंधा मारू लागला होता. आणि जी आई खिळासुद्धा नको म्हणत होती, ती रोज दुपारी येऊन माझ्यात बसायची. इंजिन चालू करायची आणि डोळे मिटून ऐकायची. कपाट पोचवायलाही ती बरोबर यायची. मिस्त्री काही बोलला, तर उत्तर द्यायची नाही. समोर बघत बसायची. तिच्या लेखी माझ्यात फक्त तिचा मुलगा होता.

एक दिवस दवाखान्याचं मोठं कपाट घेऊन आम्ही निघालो. चौकात वळायचं होतं. समोरून सिमेंटची गाडी येत होती, पण अंतर पुरेसं होतं. मिस्त्रीनं पाय दाबला. पेटीला वाटलं, धाकटा आहे, त्याला कसली घाई? एक क्षण मी जागची हललेच नाही. हॉर्न किंचाळला. मग गिअर पडला आणि मी झेप घेतली, तोवर त्या गाडीनं माझा कडेचा आरसा नेला होता. आईचे दोन्ही हात समोरच्या फळीवर गच्च. कपाट तसंच घेऊन आम्ही परत फिरलो.

घरी आल्यावर मिस्त्री ताईला म्हणाला, "माझाच पाय चुकला. गाडीचा दोष नाही."

ताईनं हातातला पाना खाली ठेवला. "नाही बाबा. मी पेटी पुसली नव्हती. त्याची सवय तशीच ठेवली."

"माहीत आहे मला. पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू पुसली असतीस," मिस्त्री म्हणाला आणि स्फुंदून रडायला लागला.

आई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "पुसलं की काय उरतं?" तिनं विचारलं.

"इंजिन उरतं, गिअर उरतात. त्याचं चालवणं जातं."

"परत आणता येत नाही?"

"नाही गं, आई."

आई माझ्यात येऊन बसली. चावी फिरवून इंजिन ऐकत राहिली. मिस्त्री काठी टेकत खिडकीपाशी आला. तिनं त्याच्या लुळ्या पायाकडे पाहिलं, मग कडेला आरसा तुटून राहिलेल्या दांड्याकडे. आणि इंजिन बंद केलं.

"आण ते यंत्र," ती ताईला म्हणाली. "बटण कुठलं ते दाखव. तुझ्या हातानं नको, मी दाबते."

चार-पाच सेकंद लागले. माझ्या अंगातून कुणीतरी उतरून गेल्यासारखं झालं. दरवाजा मात्र उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी ते कपाट घेऊन आम्ही पुन्हा निघालो. पेटी आता कोरी होती, त्यामुळे मी नवशिक्यासारखे हिसके देत होते. चढावर मिस्त्रीनं आपला जड पाय दाबला, आणि गिअर असा धाडकन पडला, की आईचं डोकं मागे आपटलं. तिनं वळून नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"अहो! पाय आहे का हातोडा?"

मिस्त्रीला मला कडेला थांबवावं लागलं. त्याला रस्ताच दिसेना. "ओरड," तो म्हणाला. "अजून ओरड." आणि आई त्याला खरंच वाटेल तसं बोलली, बोलता बोलता रडली, आणि पदरानं आधी त्याचे डोळे पुसले.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू जरूर जपा. माझंही तेल वेळेवर बदला, चाकांत हवा बघा, उंदरांना हाकला. मी काही नाही म्हणत नाही. पण माझ्यात चढलात, की माझा आवाज ऐकत बसण्याआधी शेजारच्या सीटकडे बघा. तिथे कुणीतरी बसलेलं असतं, आणि तुम्ही आपल्याशी बोलाल म्हणून कधीचं थांबलेलं असतं.