एका हाकेला ओ

फुलानं आपली पडवी त्या बाईला दिली, तेव्हाच दिग्गीकडच्या त्या वाडीनं नाक मुरडलं. बाई म्हणजे सुमंगला, रामनगरच्या एका लहानशा संस्थेची. बायकापोरींच्या अंगावर कुणी हात टाकू नये म्हणून ही संस्था गावोगाव बैठका घेते. देवळाच्या मंडपात बैठक घेऊ द्यायला दत्तात्रयानं नकार दिला होता. "असलं काय आमच्या गावात घडत न्हाई," तो म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. दत्तात्रय उतारे करायचा. कुणाला बाधा झाली, कुणाचं काय बिघडलं, ते तोच सांगणार. त्याच्या शब्दाबाहेर जायची कुणाची टाप? फुलाची होती. विधवा बाई, तोंडाची फटकळ. "पडवी मी सारवते, मंडपवाल्यास्नी इचारून न्हाई," म्हणाली आणि चटई घातली.

बायका जमल्या, त्याही शिलाई मशीन मिळेल या आशेनं. सुमंगलानं विचारलं, "एकटीनं जायला भ्या कुठं वाटतं?"

सगळ्यांची बोटं एकाच दिशेला गेली. व्हाळाच्या पाण्यापलीकडचं बांबूचं बेट. तिथं ती असते. ती कोण, कधी मेली, कुणाला ठाऊक नाही. धुकं उतरलं की नाव घेऊन हाक मारते, एकदाच. ओ दिली की माणूस संपलं. म्हणून या वाडीत पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. खरं माणूस असेल तर तीनदा बोलावेल, असा इथला शहाणपणा. एकदाच हाक आली तर दार लावायचं आणि चुलीत मीठ टाकायचं. तरी एखादी पोरगी त्या बेटात सापडतेच. मग ती झपाटते, कित्येक दिवस बोलत नाही, आणि दत्तात्रय उतारा करतो.

"झपाटतात त्या पोरीच कशा? गडी का न्हाईत?" सुमंगलानं विचारलं.

बायका चटईच्या काड्या उपटत बसल्या.

श्रावणातली दुपार, पण धुकं अंगणापर्यंत आलेलं. समोरचा गोठा दिसेनासा झाला. फुलाची भाची रुक्मा कॉलेजच्या सुट्टीत मावशीकडे आली होती. पोहे वाढायला केळीची पानं आणते म्हणून गेली, ती अजून परतली नव्हती. फुलाचे डोळे वाटेवर होते. तेवढ्यात हाक आली.

"फुलेऽऽ!"

बाईचा आवाज. बेटाच्या बाजूनं आलेला, तरी अगदी कानाशी कुणी बोलावं तसा. कोंबड्या गप्प झाल्या. शेजारच्या शांतानं फुलाचा पदर घट्ट धरला.

"रुक्मी असंल गे," फुला म्हणाली.

"रुक्मी तुला मावशी म्हनती. ही तीच हाय. दार लाव, फुला!"

खरं होतं. आवाज रुक्माचा नव्हता. फुला एरवी वाघालाही शिव्या घालणारी बाई, पण त्या घडीला तिला मरणाचं भय वाटलं. तिनं दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. आली नाही. वाटेवर रुक्माही दिसेना.

"कोन का असंना," ती एकदम ओरडली, "बाईच हाय न्हवं? ओऽऽ! आले गेऽऽ!"

बायकांनी डोळे मिटून घेतले. फुला मेली नाही. कोयता उचलून ती धावत सुटली, मागोमाग सुमंगला. पळता पळता फुला ओ देतच राहिली. मग मागून आणखी एक ओ आली, शांताची. मग तिसरी, चौथी. धुक्यात नुसते बायकांचे आवाज, माणूस एकही दिसत नव्हतं.

बेटात दत्तात्रय होता. एका हातानं त्यानं रुक्माला बांबूंवर दाबून धरलं होतं, दुसरा हात तिच्या तोंडावर. फुलानं कोयता उगारला, पण त्याचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. रुक्माच्या मागे, जिथं नुसतं धुकं होतं, तिथं तो टक लावून पाहत होता आणि लटलट कापत होता. त्याचा हात आपोआप सुटला. बायका दिसल्यावर म्हणाला, "झपाटलीया पोरगी. उतारा करत व्हतो."

या वेळी कुणीही मान डोलावली नाही.

सुमंगलानं चढावर जाऊन रेंज पकडली आणि पोलिसांना बोलावलं. ते येईपर्यंत बायकांनी दत्तात्रयाला वेढा घालून बसवलं. पडवीत रुक्माला घोंगडीत गुंडाळून चहा पाजला.

"भ्यानं आवाज बदलला, तरी देवानंच तुला हाक माराय लावलं बघ," शांता म्हणाली.

"मी कुठं मारली?" रुक्माचे दात वाजत होते. "त्यानं तोंड दाबलं व्हतं की."

फुला मटकन खाली बसली.

"म्हंजे एवढी वर्सं ती आमास्नी बोलावत व्हती," ती म्हणाली, "आनि आमी दारं लावत व्हतो." आणि लेक गेल्यासारखी ती हमसून हमसून रडली.

पुढल्या बैठकीला पडवी पुरेना. झपाटलेल्या म्हणून गाजलेल्या दोघी पोरी आल्या आणि सुमंगलाचा हात धरून, बेटात काय झालं ते पहिल्यांदा बोलल्या. बाहेर गडीमाणसं कुरकुरत होती: दत्तात्रय कोठडीत गेला, मग आता ही बैठकीची थेरं कशाला?

धुकं पुन्हा अंगणात शिरलं होतं. हाक आली. या खेपेला बेटाकडून नाही, वाडीतूनच, दारं लावलेल्या घरांच्या बाजूनं.

"शांतेऽऽ!"

बेटात नाही, आपल्यातल्याच कुणाच्या घरात पोरगी अडकलीय, हे शांताला उमगलं. तिनं पदर खोचला, उठून उभी राहिली आणि ओ दिली.