माशाला माझं नाव

मला माशाला माझं नाव हवं होतं. उगाच आढेवेढे कशाला घ्यायचे. नवा मासा शोधणाऱ्यानं त्याला स्वतःचंच नाव द्यायचं नाही, असा आमच्या धंद्यात संकेत आहे. कायद्यानं बंदी नाही, पण केलं तर जगभरची मत्स्यशास्त्रज्ञ मंडळी तोंड लपवून हसतात. म्हणजे ते काम दुसऱ्या कुणीतरी करायला हवं, आणि माझ्या नशिबी दुसरं कुणीतरी म्हणजे माझी नणंद.

संग्रहालयाच्या मासे विभागात आम्ही दोघी समोरासमोरच्या टेबलांवर बसतो. हातात सदा चिमटा आणि जिभेवर त्याहून टोकदार, म्हणून मी तिला चिमटी म्हणते. नणंद-भावजया एकमेकींना पाण्यात पाहतात म्हणे. आम्हाला तर पाण्यात पाहण्याचाच पगार मिळतो.

तर झालं असं, की आम्हा दोघींना एकाच नदीत एकेक नवा मासा मिळाला. दोन्ही लोच कुळातले, बोटाएवढे, तळाच्या दगडांना चिकटून राहणारे, ओठांभोवती मिशा. माझा सडपातळ, डोळ्याखाली इवलासा पडदा लोंबणारा. तिचा गुबगुबीत, पडदाबिडदा काही नाही, अंगावर तुटके पट्टे.

"वहिनी," बरण्या धुता धुता चिमटी म्हणाली, "तू तुझ्या माशाला माझं नाव दे, मी माझ्या माशाला तुझं देते. नाहीतर आपल्याला कोण विचारतंय?"

मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच म्हटल्याची लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. दोघींचे शोधनिबंध विज्ञानपत्रिकेच्या एकाच अंकात, एकाच दिवशी छापून आले. आमच्या घरात दोन मासे झाले, असं सासूबाई भेटेल त्याला सांगत सुटल्या.

मग चिमटी रजेवर असताना तिच्या माशांची टाकी गळायला लागली. मी भली बाई, तिचे मासे उचलून माझ्या टाकीत सोडले. दुपारपर्यंत माझा पडदेवाला तिच्या गुबगुबीतांच्या मागे लागलेला. पुढे दगडांच्या फटीत अंडी दिसली, आणि मग पिल्लं. माझे सगळे नर होते आणि तिच्या सगळ्या माद्या. दोन शिकल्यासवरल्या बायकांनी एका नवरा-बायकोला दोन वेगळ्या जाती म्हणून जगापुढे उभं केलं होतं.

मासा एक, म्हणजे नावही एकच राहणार. दोन्ही नावं एकाच दिवशी छापलेली असली, तर नियम असा, की जो ही चूक आधी छापून दाखवेल त्यानंच कुठलं नाव ठेवायचं ते ठरवायचं. आता माझी पंचाईत बघा. माझा शोध ठेवला, तर माशाला नाव चिमटीचं. माझं नाव ठेवलं, तर शोध चिमटीचा आणि माझा निबंध केराच्या टोपलीत.

नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "तिच्याशीच बोल की." शेवटी बहिणीचा भाऊच तो.

मी टाकीवर फडकं टाकलं. चिमटी कामावर आली तेव्हा माशांना बुरशी लागलीय, जवळ येऊ नकोस, असं ठोकून दिलं. "बरं," ती म्हणाली, "जप हो त्यांना." इतकी गोड ती कधी बोलत नाही. मला तिथंच संशय यायला हवा होता, पण मी आपली मान मोडून लिहीत बसले. आधी शोध ठेवला, मग खोडला, मग नाव ठेवलं. शेवटी नावावरच जीव अडकला. शोध पुन्हा लागतील, म्हटलं, पण नाव पुन्हा कोण देतंय?

माझा निबंध पाठवायचा त्याच सकाळी चिमटीनं एक नवाकोरा अंक माझ्या टेबलावर ठेवला. तिनं बरणीतल्या आपल्या माशांची पोटं केव्हाच चिरून बघितली होती, आणि सगळ्यांच्या पोटात अंडी. त्यावरूनच माझे मासे त्यांचे नर, हे तिनं ओळखलं होतं. रजा काढली होती ती हे लिहायलाच.

"नाव तुझंच ठेवलंय, वहिनी," ती म्हणाली. "झालीस खूश?"

मी जे करणार होते तेच तिनं केलं होतं, त्यामुळे भांडायचीही सोय उरली नाही. मी तिचे आभार मानले. दात-ओठ खात, पण मानले.

संध्याकाळी अंक सासूबाईंच्या हातात पडला. माशाचं पूर्ण नाव छापताना शेवटी शोधणाऱ्याचं आडनाव जोडतात, हे त्यांना लेकीनं समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. बोट ठेवून माझं नाव वाचलं, मग त्याला चिकटून छापलेलं चिमटीचं आडनाव वाचलं. चिमटी माहेरचंच आडनाव लावते. म्हणजे सासूबाईंचं, माझ्या नवऱ्याचं. लग्नात जे लावायला मी साफ नकार दिला होता आणि ज्यावरून सासूबाईंनी माझ्याशी अबोला धरला होता, तेच. चिमटी पाठ करून खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते.

"गुणाची गं माझी लेक," सासूबाई म्हणाल्या. "लागलं एकदाचं."