बंद शटरमागचा उजेड

जामनेरला घराच्या पुढच्या खोलीत सादिया बायकांचे फोटो काढायची. कुणाला लग्नाआधी हवा असे, कुणाला सातव्या महिन्यात, तर कुणी नुसतीच नटूनथटून येई. सकाळी खिडकीतून उजेड छान यायचा. दुपारनंतर मात्र खोली अंधारायची आणि आलेल्या बाईला परत पाठवावं लागायचं. नवे दिवे परवडणारे नव्हते. जळगावचे नवलभाऊ स्टुडिओ मोडून सामान विकताहेत असं कळलं, तशी मे महिन्यातल्या एका दुपारी ती अम्मीला सोबत घेऊन तिथे पोचली.

स्टुडिओ म्हणजे मार्केटच्या मागल्या अंगाची एक खोल खोली. खिडकी नाही, भिंती हिरव्या. अम्मी, म्हणजे हसीनाबी, दारातच थबकली.

"तू बघून ये. मी बाहेर थांबते."

"बाहेर ऊन बघ ना किती आहे," म्हणत सादियाने तिला आत घेतलं.

नवलभाऊंनी दोन दिवे काढून ठेवले होते. एक छत्रीचा फ्लॅश आणि दुसरा चौकोनी एलईडी पॅनल, त्यावर चढवायच्या पांढऱ्या कापडी सॉफ्टबॉक्ससकट. "फ्लॅशच घे, पोरी," ते म्हणाले. "जोर भरपूर. पोर हाललं तरी फोटो हालत नाही. थांब, अंधार करून दाखवतो."

त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं. वर काहीतरी कडाडून तुटलं आणि अख्खं शटर धाडकन खाली आलं. चौकटीवरून गेलेली वायर त्यात तुटली. पंखा थांबला. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार झाला.

नवलभाऊंनी जोर लावून पाहिला, सादियानेही लावला. शटर हललं नाही. बाहेरून शेजारचा दुकानदार ओरडला, "भाऊ, पट्टी वाकडी झाली! मिस्तरीला फोन केला, पण तो भुसावळला आहे!"

"काळजी करू नका अक्का," नवलभाऊ अंधारात म्हणाले. "बठ्ठं ठीक शे."

अम्मीचा श्वास ऐकू येत होता, आखूड आणि घाईघाईचा. सादियाने मोबाइलचा टॉर्च लावला. अम्मी भिंतीला पाठ लावून खाली बसली होती आणि पदर तोंडात धरून दाराकडे बघत होती. शटरचा पत्रा तापलेला. खोलीतली हवा जड होत चालली होती.

तिचं लक्ष दुसरीकडे वळवावं म्हणून सादिया म्हणाली, "अम्मी, फ्लॅश सेलवर चालतो. तुझ्यावरच बघते."

लख्ख उजेड पडला आणि विझला. अम्मी किंचाळली. त्यानंतरचा अंधार आधीपेक्षा काळा वाटला. "नको! पुन्हा बंद करू नको!"

"पॅनलला बॅटरी आहे?" सादियाने घाईने विचारलं.

"तुम्ही येणार म्हणून सकाळीच चार्ज केली."

पॅनल लागला. पण उजेड हिरव्या भिंतीवरून परत येऊन अम्मीच्या गालावर पडला आणि ती आजाऱ्यासारखी दिसू लागली. सादियाने सॉफ्टबॉक्स चढवला, भिंतीच्या बाजूला नवलभाऊंना काळा पडदा धरायला लावला आणि दिवा अम्मीच्या जवळ, जरा वरून ठेवला. उजेड मऊ झाला. तो विझत नव्हता. हळूहळू अम्मीचा पदर तोंडातून सुटला.

"लहानपणी आमच्या पारोळ्याला कापसाचं जिनिंग होतं," ती एकदम बोलू लागली. "आम्ही पोरी कापसाच्या गोदामात लपाछपी खेळायचो. मी आत लपले आणि हमालाने दार लावून घेतलं. कापूस नाकात, तोंडात. ओरडले, पण कापसात आवाज जातच नाही. उजाडल्यावर दार उघडलं. अब्बांनी आधी मारलं, मग विचारलं."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"कुणालाच नाही. तुझ्या वडिलांनाही नाही. रात्री मी दाराची कडी लावत नाही म्हणून ते किती चिडायचे."

सादियाला ती कडी आठवली, आणि त्यावरून होणारी भांडणंही. आपणही तेव्हा वडिलांचीच बाजू घ्यायचो. तिने कॅमेरा उचलला. "काढू?"

अम्मी दिव्याकडे बघत राहिली. उजेड तसा कमी पडत होता, थोडं हललं तरी चेहरा पुसट झाला असता. पण अम्मी हलली नाही.

मिस्तरीने पट्टी कापून शटर कमरेइतकं उचललं, तेव्हा तिघंही घामाने निथळत होती. अम्मी वाकून सगळ्यांत आधी बाहेर पडली आणि रस्त्याच्या मधोमध उन्हात उभी राहिली. शेजाऱ्याने दिलेलं पाणी ती प्यायली, पण सावलीत यायला तयार होईना.

"फ्लॅश बांधू ना?" नवलभाऊंनी विचारलं.

"पॅनल बांधा."

"पोरांचे फोटो हालतील. लोक मला नावं ठेवतील."

"पोरांचे सकाळी खिडकीपाशी काढेन. माझ्याकडे बहुतेक बायका पहिल्यांदाच बसतात, भाऊ. एकदम लखलखलं की डोळेच मिटतात."

बसमध्ये, नेरी गाव मागे पडल्यावर अम्मी म्हणाली, "तो फोटो पुस."

सादियाने कॅमेरा तिच्या हातात दिला आणि कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. अम्मीने बटणावर अंगठा ठेवला. जामनेर येईपर्यंत तो तिथेच होता. उतरताना तिने कॅमेरा परत दिला.

फोटो कॅमेऱ्यात होता. घरी पोचल्यावर अम्मी आत गेली आणि नेहमीसारखं तिने दार नुसतंच लोटून घेतलं. या वेळी सादिया काही बोलली नाही.