दशमीची पानं

चौथ्या ओळीतला सातवा खळगा पिवळाच. शेजारचाही… आणि त्याच्या शेजारचा. वाटाण्याएवढ्या शहाण्णव खळग्यांची ती प्लास्टिकची थाळी अंबिकानं प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या उजेडाकडे धरली — पेशी जगल्या की खळगा जांभळा होतो, मेल्या की पिवळाच राहतो. आधी तुळशीचा अर्क आणि मग विष दिलेली ही ओळ जांभळी व्हायला हवी होती, दोन महिन्यांपूर्वी झालीही होती, आणि त्याच संध्याकाळी आपण सिल्व्हर पार्कला धाकट्या बहिणीकडे जाऊन, चपलाही न काढता, दारातूनच सांगितलं होतं — तुळस राखते गं सुरू, मी डोळ्यांनी पाहिलंय.

सुरुचीच्या काखेतली गाठ तेव्हा हरभऱ्याएवढी होती. आईचीही तिथेच होती… आई त्यातच गेली.

"ताई, पानं ताजी होती ना?" शेजारच्या टेबलावरून तिच्या सहकाऱ्यानं, परेशनं विचारलं. "लेबलवर तर फ्रेश लिहिलंय."

"हो…" मग हळूच, "दशमीची होती."

"दशमी म्हणजे? डेट सांगा ना."

अर्क एकादशीला काढायचा होता. एकादशीला तुळस खुडत नाहीत. आईनं कधी खुडली नाही, मी खुडली नाही… म्हणून आदल्या सकाळी पाणी घालून, क्षमा मागून खुडलेली पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली, आणि लेबलवर हातानं सवयीनं लिहिलं — ताजी.

"चला, देवासाठी पुन्हा एकदा," तिनं हे सांगितल्यावर परेश हसला. त्याच्यापुरतं ते तेवढंच होतं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं सुरुचीला फोन लावला.

"घेतेय गं बाई काढा. रोज, अनशापोटी."

"ती सोनोग्राफी करून टाक. उद्याच."

"आता? मी तर अपॉइंटमेंट सोडली ना, तुझ्याच शब्दावर. काय झालं, तुळस रुसली का तुझ्यावर?"

"तसं नाही… राखते म्हणजे, आधीपासून घेतली तर. झालेल्या गाठीला…"

"ताई, टेन्शन नको घेऊस. माझ्या नीरजची परीक्षा होऊ दे, मग बघू." फोन बंद.

पानं शिळी होती, म्हणूनच. माझ्या नेमाचाच दोष असू दे, देवा — जन्मात कधी मागितलं नव्हतं ते ती मागत होती, आणि मागता मागता तिला दिसलं, की दोष नेमाचा ठरला तर तुळस खरी ठरेल, आणि तुळस खरी ठरली तरी सुरुचीच्या काखेतलं काही हलणार नाही… मग हे मागणं कुणासाठी चाललंय? मनात रोज चालणाऱ्या देवाच्या नामाचा पुढचा शब्द ओठांपर्यंत आला. आणि तिथेच राहिला. तो उच्चारायचीच तिला भीती वाटू लागली — तोही स्वतःसाठीच निघाला तर?