कणगीतली मदेरा

मी एक जुनी बाटली आहे. रिकामी नाही, भरलेली. आणि सव्वाशे वर्षांत मला कुणी उघडलेलं नाही. मित्रांनो, रिकाम्या बाटल्या तुम्ही पुष्कळ पाहिल्या असतील. मोहरबंद बाटलीची हकिकत मात्र क्वचितच कानावर येते, म्हणून सांगते.

वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळवून, तोंडाने फुंकून मला घडवलं. वाळूत किंचित लोह होतं, म्हणून माझा रंग हिरवट काळा. खांद्याजवळ मोहरीएवढा एक बुडबुडा अडकला आहे. तो मला फुंकणाऱ्या कारागिराचा श्वास असावा असं मला वाटतं. पुरावा नाही, पण वाटायला आवडतं.

अटलांटिक महासागरात मदेरा नावाचं एक बेट आहे. तिथे मला भरलं. तिथली वाइन अजब असते. द्राक्षांचा रस आंबत असतानाच त्यात तेज मद्यार्क घालतात. आंबवणारे सूक्ष्मजीव थांबतात आणि गोडी शिल्लक राहते. मग ती वाइन पिंपांत भरून वर्षानुवर्षं छपराखाली तापत ठेवतात. बाकीच्या वाइनला उष्णता बाधते, हिला मानवते. ही गोष्ट लक्षात ठेवा; पुढे तिच्यावरच सगळं अडणार आहे. शेवटी माझ्या तोंडावर लाल लाख ओतून शिक्का उमटवला आणि पोटावर पांढऱ्या रंगाने नाव छापलं. कागद चिकटवला असता, तर कसरीने केव्हाच खाल्ला असता.

कापूस खरेदी करणाऱ्या एका गोऱ्या साहेबाबरोबर मी यवतमाळला आले. साहेबाची बदली झाली तेव्हा त्याचं सामान देवसिंगच्या बैलगाडीतून स्टेशनावर गेलं. पेट्या रेल्वेत चढल्या, मी मात्र गाडीतल्या गवतात राहिले. देवसिंग नेरजवळच्या बंजारा तांड्यातला. त्याचे वाडवडील बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. त्या व्यवसायाला ते लदेणी म्हणत, आणि लदेणीचा एक कायदा होता: दुसऱ्याचा माल उघडायचा नाही, पोचवायचा.

देवसिंगला वाचता येत नव्हतं. त्याने लाखेचा शिक्का पाहिला आणि ती सरकारी मोहर आहे असं धरून चालला. "साहेब मागायला येईल," म्हणाला, आणि मला ज्वारीच्या कणगीत उभं खोचलं. तेव्हापासून दर वर्षी नवी ज्वारी भरताना घरातला कर्ता पुरुष मला बाहेर काढायचा, शेल्याने पुसायचा, "सायब नाई आला," असं म्हणायचा आणि परत खोचायचा. बाहेर ऊन पंचेचाळीस अंशांवर जायचं. मी आत सुखात होते.

पुढे घरात पत्र्याची कोठी आली. कणगी कोपऱ्यात पडली आणि तिच्यात मी. देवसिंगच्या नातवाच्या, म्हणजे खेमसिंगच्या, गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा मला पुसणंही थांबलं. पंधरा वर्षं मी धूळ आणि टरफलं यांच्या सोबतीत काढली.

यंदाच्या चैत्रात खेमसिंगच्या सुनेने, जमनाबाईने, कणगी फोडायला घेतली आणि मी तिच्या हाती लागले. मित्रांनो, नेमकी तिच्याच! जमनाबाई तांड्यातल्या दारूबंदी समितीची अध्यक्ष. सापडलेली बाटली कुणाच्याही घरची असो, वेशीजवळच्या दगडावर फोडायची, हा नियम तिनेच केलेला. आठ वर्षांत तिने एकालाही सूट दिली नव्हती.

समितीची चिटणीस जया कॉलेजात जाणारी. तिने माझ्या पोटावरची अक्षरं लावली. "एम, ए, डी, ई, आय, आर, ए. काकू, मदिरा!"

"काय?"

"मदिरा लिवलं हाय. सरळ सरळ. निदान लपवून त लिवाचं!"

तासाभरात अर्धा तांडा वेशीवर जमला. ज्यांच्या बाटल्या आजवर फुटल्या होत्या, ते पुरुष सगळ्यांत पुढे.

"अध्यक्षबाईच्या घरात मदिरा!" एकजण म्हणाला. "आमच्या घरात नुसती दारू निंगे."

जमनाबाईचा चेहरा उतरला, पण तिने मला दगडावर ठेवलं आणि वरवंटा उचलला. मला सोडलं असतं, तर तांड्यात तिचा शब्द पुन्हा कुणी मानला नसता.

"थांब व!" खेमसिंग काठी टेकत आला. "ते सायबाची अमानत हाय. गनीभाईले फोन लावला म्या. त्याले येऊ दे, मंग फोड."

अब्दुल गनी नेरचे. भंगार आणि बाटल्यांचे व्यापारी, पण मनाने संग्राहक. जिल्ह्यातल्या जुन्या कापूस-जिनिंगवाल्यांच्या बंगल्यांतून त्यांनी पोर्ट आणि शेरी वाइनच्या अकरा मोहरबंद बाटल्या मिळवल्या होत्या. त्याही माझ्यासारख्याच, अर्क घालून टिकवलेल्या. स्वतः एक थेंब कधी चाखला नाही. नात फिजा रसायनशास्त्राची पदवीधर. सरकारी परवानगीचे कागद तीच सांभाळायची. पांढऱ्या अक्षरांची एक बाटली या तांड्यात असल्याचं ऐकून गनीचाचा वीस वर्षं इथे येत होते.

फिजाच्या स्कूटीवरून ते उतरले, मला पाहिलं आणि तिथेच मातीत बसले.

"खेमसिंग! वीस वर्षं मले 'आमच्याकडं असं काई नाई' म्हून राह्यला तू?"

"अमानत होती, गनीभाई. तुले काहून सांगू?"

गनीचाचांनी मला उन्हासमोर धरलं. बोटाने शिक्का चाचपला, बुडाचा खळगा पाहिला, तो बुडबुडाही पाहिला. 

"हे मदिरा नाही, मदेरा आहे," फिजा जयाला म्हणाली. "बेटाचं नाव आहे. एका मात्रेचा फरक."

"नाव कोणतंबी असू दे," जमनाबाई म्हणाली. "चाचा, आतमधी काय हाय ते सांगा. सव्वाशे उन्हाळे काढले यानं. शिरका झाला असन न आतापर्यंत? तुमी म्हना शिरका, मी वरवंटा खाली ठेवते."

तिचीही ती सुटका होती. शिरका, म्हणजे व्हिनेगर, फोडायचा नियम नव्हता. गनीचाचांनी फक्त 'हाव' म्हणायचं होतं. मी त्यांची, आणि जमनाबाईचं नाव साफ. मी काचेची असूनही मला घाम फुटेल असं वाटलं.

 गनीचाचांनी मला हळूच परत दगडावर ठेवलं.

"नाई, बेटी. बाकी वाइनचा शिरका झाला असता. ही उन्हातच बनते, उन्हानं बिघडत नाई. आतमधी दारूच हाय, अन् चांगली हाय. खोटं बोलून नेली, त मले तिच्याकडं पाहाता नाई येनार."

एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. फुटताना बघायचं नव्हतं.

वरवंटा वरच होता. जमनाबाई सासऱ्याकडे वळली. "मामाजी, खरं सांगा. तुमच्या आजानं, तुमच्या बानं, कोनी उघडली काहून नाई?"

"लदेणीचा माल कोनी उघडते का व?"

"मंग फोडते का?"

खेमसिंगला प्रश्न कळला नाही. जमनाबाईला मात्र उत्तर सापडलं होतं. तिने वरवंटा खाली ठेवला आणि जमलेल्यांकडे पाहिलं.

"नियम म्या केला. तांड्यात दारू राहाची नाई. नाई राहात! पन हे आपली नाई. हा माल हाय, चार पिढ्या मोहर न तोडता सांभाळलेला. तुमच्यापैकी कोनी चार दिवस सांभाळून दाखवा, त्याचीबी नाई फोडत."

पुढे उभ्या पुरुषांत आधी चुळबूळ झाली, मग हशा. सगळ्यांत मोठ्याने तोच हसला, ज्याने मघाशी टोमणा मारला होता.

"अन् चाचा," ती म्हणाली, "ज्याच्याकडं कोनी पेनार नाई, त्याच्याचकडं जाऊ दे. पन तुमी नाई न्याचं. पोचवनं आमचं काम हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती मला लुगड्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन नेरला गनीचाचांच्या दुकानात आली. शेजारी खेमसिंग, नवं धोतर नेसून. गनीचाचांनी पैशांचा विषय काढताच तिने हात जोडले. "माल आमचा नाई, मंग किंमत कायची? भाडं द्या. चहा आना."

सव्वाशे वर्षांचं भाडं म्हणून दोघांनी दोन-दोन कप चहा घेतला. जैनबबींनी, म्हणजे गनीचाचांच्या बेगमने, घरून गरम भजी पाठवली आणि निरोपही: "बारावी आली म्हनते. आता तरी घरी जेवाले येत जा म्हना."

आता मी काचेच्या कपाटात बारावी उभी आहे. माझ्या पोटात जे आहे ते तुमच्यासाठी नाही. पण काच, लाख आणि तो बुडबुडा बघायला खुशाल या, फिजा दाखवेल. आणि मित्रांनो, घरात एखादी जुनी वस्तू सापडली, तर वरवंटा उचलण्याआधी तिच्यावरची अक्षरं पुन्हा एकदा लावा. मग घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. तो वीस वर्षं खोटं बोलत असला तरी विचारा.

त्या दिवशी कपाट बंद होण्याआधी खेमसिंगने मला एकदा मागून घेतलं. खांद्यावरच्या शेल्याने पंधरा वर्षांची राहिलेली धूळ पुसली, मला गनीचाचांच्या हातात दिलं आणि म्हणाला,

"सायब आला."