मातेऱ्याची पावती

माणिकरावांनी हजेरीपटावर सही ठोकली आणि त्यांचे पाचशे रुपये पक्के झाले. तो बैठक भत्ता. गाव ते उपबाजार अठ्ठावीस किलोमीटरचं पेट्रोल वेगळं, आणि ते जावयाच्या गाडीत बसून आल्यामुळे निव्वळ नफ्यात. वर एक कचोरी, दोन चहा. शिवाय विषय क्रमांक चार मनासारखा मंजूर झाला तर उद्याच्या पेपरात फोटो. त्याची खरी किंमत जिल्हा परिषदेची तिकिटं वाटतील त्या दिवशी कळणार होती. सही जयमालाच्या पेनानं केली होती. टोपण लावून पेन त्यांनी स्वतःच्या खिशाला अडकवला.

"मॅडम, चाराचा विषय आधी घ्या," ते म्हणाले. "बाकी किरकोळ आहे."

जयमालानं टेबलाच्या खणातून दुसरा पेन काढला. आठ वर्षं ती या बाजार समितीच्या बैठकांची इतिवृत्तं लिहीत होती, अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. पुढची ऑर्डर येत्या महिन्यात निघायची होती आणि तिच्यावर याच नऊ सदस्यांच्या सह्या लागायच्या होत्या. म्हणून जाणारा पेन कुणाचा, हे ती बोलत नसे.

किरकोळमध्ये विषय क्रमांक सहा होता. सहा म्हणजे भिमाबाई. ती सकाळी दहापासून बाहेर व्हरांड्यात पाण्याच्या टाकीला टेकून बसली होती, उजवा हात पदराखाली घेऊन. तीन आठवड्यांपूर्वी समितीच्या धान्य चाळायच्या यंत्राचा पट्टा उघडा होता, आणि त्यात तिची दोन बोटं गेली. उरलेली ताठली. महिनाभरात ऑपरेशन केलं तर मूठ मिटेल, असं अकोल्याचे डॉक्टर म्हणाले. नंतरचं त्यांनी सांगितलं नाही, नुसती मान हलवली. खर्च चाळीस हजार. समितीच्या कल्याण निधीत एक लाख बारा हजार पडून होते. अर्ज जयमालानंच लिहून दिला होता.

चाराचा विषय सुरू झाला. सरकारनं परदेशी कापसावरचं आयात शुल्क काढून टाकलं होतं. माणिकराव सत्तेच्या बाजूचे, त्यांना अभिनंदनाचा ठराव हवा होता. समोर उकंडराव, विरोधातले, त्यांना निषेधाचा.

"बाहेरचा कापूस स्वस्त आला म्हणून गिरण्या चालून राह्यल्या," माणिकराव म्हणाले. "गिरणी जगली तं उद्या आपल्या गाठी घेईन नं ते. जग कुठी चाललं, आपण कुठी बसलो!"

"आपण इथंच बसलो, भाऊ. खामगावच्या जिनिंगवाल्याले विचारा, फोनच उचलत नाही कोणी." उकंडराव खुर्चीतून अर्धे उठले. "आपला भाव पाडाले जहाजं भरून कापूस आणता, अन् वरून अभिनंदन? निषेध लिहा, मॅडम. तीव्र लिहा."

"कर कमी कोणं केले? आम्ही."

"लावले कोणं होते?"

टेबलाभोवती हसू फुटलं. हसण्यात माणिकरावांच्या बाजूचेही दोघं होते. ते लक्षात येताच त्या दोघांनी तोंडापुढं चहा धरला.

"तुमच्या टायमाले तिजोरीत खडकू नव्हता," माणिकरावांचा आवाज चढला. "आता रस्ते झाले. बाया लोकायच्या खात्यात दर महिन्याले पैसे जाऊन राह्यले."

"जाऊन राह्यले नं! उधळपट्टीच ते. मतं इकत घेता सरकारी पैशानं."

"तुमच्या घरच्या वहिनीनं परत केले काय मंग?"

"तो तिचा विषय आहे," उकंडराव बसत म्हणाले.

जयमाला लिहीत नव्हती. लिहायची गरज नव्हती. मागच्या कपाटात जुनं रजिस्टर होतं, तिनं ते वाचलं होतं. त्यात तुरीच्या आयातीवर हीच चर्चा होती. तेव्हा उकंडराव सत्तेत होते आणि जग कुठं चाललं हे तेच सांगत होते. माणिकराव विरोधात होते आणि जहाजं भरून माल आणल्याबद्दल टेबलावर मूठ आपटत होते. मधल्या काळात दोघांनीही पक्ष बदलले. वाक्यं तेवढी टेबलावरच राहिली, ज्याची पाळी येईल त्यानं उचलायची. नावं खोडून उलटी टाकली असती तर आजचं इतिवृत्त तयार होतं.

दीड वाजला. दारातून व्हरांड्याचा तुकडा दिसत होता. भिमाबाई डाव्या हातानं भाकरी तोडू पाहत होती. भाकरी गुडघ्याखाली दाबून तिनं तुकडा मोडला. जयमालानं नजर काढून घेतली.

शेवटी सभापतींनी डोळे उघडले. ते झोपलेले नव्हते, असं ते नेहमी म्हणत.

"भांडू नका बाप्पा. दोन शिष्टमंडळं पाठवू दिल्लीले. आपण नऊ, दहावा कोणी संग घेऊ. पाच जण अभिनंदन करतीन, पाच जण निषेध. दोघायचंही समाधान."

कुणी विरोध केला नाही. निषेधाला जायला गाडी मिळते म्हटल्यावर निषेधातली धारही जरा बोथटली. शेगावहून भुसावळ, तिथून दिल्ली, वातानुकूलित डबा, जाणं-येणं माणशी तीन हजार चारशे. जयमालानं आकडा सांगितला: चौतीस हजार. प्रवासाचं खातं मागच्या अभ्यास दौऱ्यातच कोरडं झालं होतं.

"कल्याण निधीतून घ्या," कुणीतरी म्हणालं.

"ऑडिटमध्ये निघते ते," माणिकराव म्हणाले. निधी पवित्र असल्यासारखी त्यांनी मान हलवली. "खर्चाले नवीन उत्पन्न पाहिजे. शिस्त असते अर्थकारणाले. पाहू. सहाचं काय आहे ते वाचा."

जयमालानं अर्ज वाचला. वाचताना भिमाबाईचं वय, अपघाताची तारीख, डॉक्टरांचा कागद, सगळं सावकाश वाचलं. सावकाश वाचलं की माणसं ऐकतात, असा तिचा अजून समज होता.

"ही हमाल आहे काय?" उकंडरावांनी विचारलं.

"नाही, साहेब."

"मापाडी?"

"नाही. मातेरंवाली आहे."

त्या एका शब्दावर विषय आटोपला. लिलाव होऊन पोती उचलली की फरशीवर दाणे सांडलेले राहतात. माती, खडे, काड्यांत मिसळलेले. ते मातेरं. सतरा बाया रोज ते झाडून घेत, सुपानं पाखडत, आणि निघेल ते धान्य घरी नेत. यंत्रावर व्यापाऱ्यांचा माल चाळायचा असला की त्याच बाया खालून-वरून हात लावत, मोबदल्यात यंत्राखालचं मातेरंही त्यांचं. पैशाचा व्यवहार नव्हता. समितीला झाडलेली फरशी मिळायची, व्यापाऱ्यांना चाळलेली तूर, आणि बायांना माती वजा जाता जे उरेल ते. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं, कारण ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"नियम वाचा, मॅडम," उकंडराव म्हणाले. सकाळपासून गरिबाची बाजू त्यांच्याकडं होती, पण आता जेवणाची वेळ टळून गेली होती. "'समितीच्या दप्तरी नोंद असलेला कामगार.' हिची नोंद कुठी आहे? मजुरी देल्याचा एक कागद दाखवा."

"कागद नाही, साहेब."

"मंग? आम्ही देऊ, पण कायद्यानं कसं देऊ? दुःख तं आम्हालेबी आहे."

"फुकट माल नेते, वर भरपाई," माणिकराव म्हणाले. आज पहिल्यांदाच दोघं एकाच बाजूला बसल्यासारखे दिसले. मग माणिकरावांचे डोळे लुकलुकले. "थांबा. मातेरं फुकट काऊन? फरशी समितीची. फरशीवरचा दाणा समितीचा. जो वापरीन तो भरीन, साधं तत्त्व आहे. रोजची दहा रुपये पावती करा."

उकंडरावांनी बोटं मोडली. सकाळपासून त्यांनी फवारणीच्या औषधापासून ट्रॅक्टरच्या टायरापर्यंत प्रत्येक कराचा धिक्कार केला होता.

"याले कर नाही म्हणता येत," ते शेवटी म्हणाले. "फी आहे. फीले माझा विरोध नाही. सतरा बाया, वर्षाचे दोनशे दिवस..."

"चौतीस हजार," माणिकराव म्हणाले.

"बरोब्बर बसलं नं!"

दोघं एकमेकांकडं पाहून हसले, मनापासून. माणिकराव सूचक, उकंडराव अनुमोदक. पाण्याचा ग्लास उचलून जयमालानं तो तसाच खाली ठेवला. पाच मिनिटांपूर्वी त्याच ग्लासात कुणीतरी बोटं धुतली होती.

मग ती लिहू लागली. नेहमीपेक्षा जास्त वेळ लिहीत राहिली. दरम्यान टेबलावर नवीन भांडण पेटलं होतं: ठरावात पहिलं नाव कुठल्या शिष्टमंडळाचं? अभिनंदन आधी की निषेध आधी?

"ठराव वाचून दाखवते," जयमाला म्हणाली.

"वाचा, वाचा. पण आमची नावं वर पाहिजेत," उकंडराव म्हणाले.

"वर कशी? वर्णमालेनं घ्या. अ आधी येते की न?"

"मंग माणसाच्या नावानं घ्या नं! उ आधी येते की म?"

जयमाला उभी राहिली. एरवी ती बसूनच वाचत असे. "'ठराव क्रमांक सहा. श्रीमती भिमाबाई किसन तायडे व इतर सोळा महिला,'" तिचा आवाज टेबलाच्या टोकापर्यंत स्पष्ट जात होता, "'या गेली अकरा वर्षे समितीच्या आवारात, समितीच्या यंत्रावर व समितीच्या देखरेखीखाली दररोज काम करीत आहेत. सबब त्यांची समितीच्या दप्तरी आज रोजी नोंद घेऊन, त्यांच्याकडून प्रतिदिन रुपये दहा फी आकारण्यास...'"

"दहाच लिहिलं नं?" माणिकरावांनी मान वर केली.

"हो, दहा."

"ठीक आहे. उकंडभाऊ, तुमी काहीही म्हणा, अभिनंदन शुभ असते, ते आधीच येते!"

"'...आकारण्यास ही सभा सर्वानुमते मंजुरी देत आहे.'"

"मंजूर, मंजूर," सभापती म्हणाले आणि त्यांनी पहिली सही केली. रजिस्टर टेबलाभोवती फिरलं. उकंडरावांनी सही करताना आपलं नाव यादीत कितवं आहे तेवढं बोटानं तपासलं. माणिकरावांनी जयमालाच्याच पेनानं सही केली. नऊच्या नऊ सह्या झाल्या. रजिस्टर परत आलं तेव्हा जयमालानं टीपकागद दाबून शाई वाळवली, आणि कागद उचलून एकेक सही खरंच वाळली का ते पाहिलं.

गाड्या निघून गेल्यावर ती व्हरांड्यात आली. तिच्या हातात ठरावाची शिक्का मारलेली नक्कल होती आणि एक कोरं पावतीपुस्तक. भिमाबाई उठायला लागली.

"झालं काय व माय?"

"नाही म्हणाले, मावशे. दप्तरात नोंद नाही म्हणाले."

पदराखालचा हात भिमाबाईनं आणखी आत घेतला.

"पण आता नोंद झाली," जयमाला तिच्याशेजारी टेकली आणि आवाज उतरवून तिनं ठरावाचं ते वाक्य वाचून दाखवलं, दोनदा. "उद्या नवा अर्ज करू. या नकलेसकट. पुन्हा नाही म्हणाले तर अकोल्याला कामगारांचं ऑफिस आहे, तिथं मी येते संग. सह्या त्यायच्याच आहेत, नऊही."

भिमाबाईनं अक्षरांवरून डावं बोट फिरवलं. "हे माहं नाव?"

"हाव. हे."

"अन् तुही नौकरी व?"

जयमालानं पावतीपुस्तकाचं पहिलं पान उघडलं, कार्बन सरळ केला. "आज एक पावती फाडावी लागते, मावशे. आजच्या तारखेची. रोजचे दहा रुपये लावले त्यांनी मातेऱ्यावर. पावती असली म्हणजे पक्कं होते."

"माह्यावर? मातीवर?" भिमाबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग बंद झालेल्या सभागृहाच्या दाराकडं. तोंडातलं पान तिनं टाकीमागं थुंकून टाकलं, जसं काही तेच बेचव निघालं होतं. "बोटं माही गेली, अन् फी मीच भरू?"

"हाव."

"सकाळपासून देशाचे पैसे मोजून राह्यले होते बापे. आयकू येत होतं मले इथं." लुगड्याच्या ओट्याची गाठ तिनं दातानं धरून डाव्या हातानं सोडली. आतून मळकी दहाची नोट निघाली. "त्यायनं किती भरले?"

जयमालानं नोट घेतली, पावतीवर नाव लिहिलं, पूर्ण लिहिलं, आणि फाडून तिच्या डाव्या हातात दिली. मग आत जाऊन दिवसाच्या जमाखर्चाची कीर्द लिहायला घेतली. खर्चाची बाजू भरायला तिला पान पुरलं नाही. जमेच्या बाजूला त्या तारखेखाली एकच ओळ आली: पावती क्रमांक एक, भिमाबाई किसन तायडे, रुपये दहा.